प्रकल्प नेमका कुणाचा?

रविवारची रात्र. जेवणे आटोपली आहेत, उद्याच्या डब्याची भाजी निवडून झाली आहे, आणि एवढ्यात घरातल्या सहावीतल्या चिरंजीवांना आठवण होते, "आई, उद्या प्रकल्प द्यायचाय!" विषय असतो 'समाजसुधारक आणि त्यांचे कार्य'. मग बाबा स्कूटर काढतात. कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला दुकान बंद करण्याच्या बेतात असतो, पण तो मुळीच चकित होत नाही. "कितवी?" एवढेच विचारून तो एक छापील तक्ता पुढे करतो. त्यावर बारा समाजसुधारकांची बारा चित्रे, प्रत्येकाखाली चार ओळींचे चरित्र. कापा आणि चिकटवा. हल्ली तेवढेही कष्ट नकोत. मोबाइलला सांगितले की तो मजकूरही लिहून देतो. बाबांचे अक्षर चांगले म्हणून मथळे बाबा लिहितात, आई कडेला वेलबुट्टी काढून चमकी लावते आणि साडेअकरा वाजता ज्याचा प्रकल्प तो सोफ्यावर झोपलेला असतो. सोमवारी बाईंचा 'छान' असा लाल शेरा मिळतो. एप्रिलमध्ये वही रद्दीत जाते.

हे दृश्य परके वाटेल असे घर आपल्याकडे फार नसावे. यात हसण्यासारखे पुष्कळ आहे, तशीच एक काळजीची गोष्टही आहे. त्या रात्री मुलगा काही शिकलाच नाही असे समजण्याचे कारण नाही. तो एक धडा पक्का शिकला. समाज बदलणे हे पूर्वीच्या काळी काही थोर माणसांनी करून ठेवलेले काम आहे, ती माणसे आता हयात नाहीत आणि त्यांची चित्रे दुकानात मिळतात, हा तो धडा. प्रकल्पाचा हेतू नेमका याच्या उलट होता.

हेतू चांगलाच होता

प्रकल्प शाळेत आले ते कुणाच्या लहरीखातर नव्हे. घोकंपट्टीने मुले शिकत नाहीत, पाहून, विचारून, हाताने करून शिकतात, हे शिक्षणाचा विचार करणारे शंभराहून अधिक वर्षे सांगत आले आहेत. डिसेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकवण्याचा आदेश अधिक कडक केला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पाठ्यपुस्तकाबाहेरच्या जगाशी शिक्षण जोडण्याचा आग्रह धरला. २००९ साली शिक्षणहक्क कायदा झाला आणि २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम आणि प्रकल्प यांना आकारिक मूल्यमापनात रीतसर स्थान मिळाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावे असे सुचवले आहे.

कागदावर यातले काहीच चुकीचे नाही. मुश्कील अशी की, ज्या गोष्टीला गुण मिळतात तिचा बाजार तयार होतो, आणि बाजारात कार्डशीट, चमकी, तयार तक्ते सगळे मिळते, फक्त अनुभव मिळत नाही. म्हणून एकदा मागे जाऊन पाहायला हवे की, हाताने करायचे शिक्षण आणि समाजातला बदल यांची सांगड मुळात घातली कुणी, आणि ती सुटली कुठे?

एका बोंडाची गोष्ट

अमेरिकेतल्या शिकागो शहरात जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाने १८९६ साली विद्यापीठाच्या आश्रयाने एक लहानशी प्रयोगशाळा काढली. शब्दशः प्रयोगाची शाळा. तिथल्या एका वर्गाचा प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे. मुलांच्या हातात कापसाची बोंडे आणि मेंढीची लोकर देण्यात आली. लोकरीच्या मानाने कापसाचा धंदा उशिरा का वाढला, असा प्रश्न होता. मुले बोंडातून सरकी काढत बसली. अर्धा तास खपूनही हाती आला तो एक औंस, म्हणजे जेमतेम अडीच तोळेसुद्धा कापूस भरेना! आता सरकी वेगळी करणारे यंत्र किती महत्त्वाचे होते हे त्या मुलांना तक्त्यावरून सांगावे लागले नाही, त्यांची बोटेच ते सांगत होती. हे यंत्र १७९३ साली अमेरिकेत निघाले. त्याने कापूस साफ करणे सोपे झाले, म्हणून लागवड वाढली, आणि लागवड वाढली म्हणून शेतावर राबणाऱ्या गुलामांची मागणी कमी होण्याऐवजी वाढली. यंत्र आले की माणसाचे कष्ट आपोआप कमी होतात, ही आपली भाबडी समजूत एका बोंडाने अशी मोडीत निघते.

कापसाचा हा धागा आपल्या ओळखीचा आहे, कारण त्याचे दुसरे टोक विदर्भात आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि पुढे 'नई तालीम' या नावाने ओळखली गेलेली योजना तिथे मांडली गेली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. गांधींचे म्हणणे असे होते की, टकळी हातात दिली म्हणजे केवळ सूत कातायला शिकवायचे नाही. कापूस कुठे पिकतो यातून भूगोल, सुताचा नंबर काढण्यातून गणित, आणि एकेकाळी घराघरात असलेली टकळी नाहीशी का झाली या प्रश्नातून कंपनी सरकारचा इतिहास शिकवायचा. परक्या राजवटीने देशातला एक उद्योग कसा बुडवला हे मुलाने स्वतःच्या बोटांत धागा धरून समजून घ्यायचे. समाजबदलाचा याहून थेट प्रकल्प दुसरा कोणता असेल?

सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने ही शाळा निष्ठेने चालवली. तरीही स्वातंत्र्यानंतर नई तालीम देशभर रुजली नाही. तिच्यात दोष होते हे मान्य केले पाहिजे. मुलांच्या हातच्या मालावर शाळेचा खर्च भागवायचा या कल्पनेवर त्याच परिषदेत टीका झाली होती, आणि उत्पन्नाच्या नादात शिक्षण मागे पडेल असा इशारा खुद्द झाकीर हुसेन समितीनेही दिला होता. पण खरे कारण निराळेच होते. सूत, चामडे, माती, लाकूड ही कामे आपल्या समाजात कोणत्या जातींकडे होती हे सांगायला नको. शिक्षणतज्ज्ञ कृष्ण कुमार यांनी दाखवून दिले आहे की, 'खालच्या' मानल्या गेलेल्या हातांचे ज्ञान या योजनेने शाळेच्या मध्यभागी आणून ठेवले, आणि तेच अनेकांना पचले नाही. पांढरपेशा पालकांनी मूलोद्योगी शाळा दुसऱ्यांच्या मुलांसाठी ठीक मानली आणि आपली मुले पुस्तकी शाळेत घातली. गरीब पालकांनाही वाटले, पिढ्यान्‌पिढ्या हेच केले, आता शाळेतही हेच? त्यांचेही चुकले असे कसे म्हणावे!

पुढची घसरण आपण पाहिलीच आहे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये 'कार्यानुभव' सुचवला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' आणले. नावे भारदस्त होत गेली आणि काम हलके होत गेले. कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागदाची फुले आणि आइसक्रीमच्या काड्यांचे घर, इतकेच पुष्कळांच्या आठवणीत उरले असेल. तो तास गणिताच्या बाईंनी मागून घेतला नाही तर!

प्रश्न विचारणारे हात

म्हणजे हाताने काहीतरी करणे एवढे पुरेसे नाही. हाताबरोबर प्रश्नही हवा, आणि तो असा हवा की त्याचे उत्तर मोठ्यांना थोडे अडचणीचे वाटावे.

याचे एक विलक्षण उदाहरण इटलीतले आहे. फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातल्या बार्बियाना या वस्तीवर लोरेन्झो मिलानी या पाद्र्याने शेतकऱ्यांच्या नापास झालेल्या मुलांसाठी शाळा चालवली. तिथल्या आठ मुलांनी १९६७ मध्ये आपल्याला नापास करणाऱ्या शिक्षिकेला पत्र लिहिले, ते पुस्तकरूपाने निघाले. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आले आहे. त्यांची लिहिण्याची पद्धत अगदी हातकामाची होती. प्रत्येकाने मुद्दे चिठ्ठ्यांवर लिहायचे, चिठ्ठ्यांचे ढीग लावायचे, ढिगांची प्रकरणे करायची, आणि मग एकेक शब्द सर्वांनी मिळून गाळायचा किंवा ठेवायचा. ही मुले हजेरीपटातल्या आणि सरकारी कागदांतल्या आकड्यांच्याही मागे लागली. नापास होतात ती कुणाची मुले, त्यांचे वडील काय करतात, याचा त्यांनी हिशेब मांडला. निघाले असे की, डॉक्टरचा मुलगा सहसा नापास होत नाही, शेतकऱ्याचा होतो. या संख्याशास्त्रीय कामासाठी इटलीतल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्या पोरांना पारितोषिक दिले. ज्यांना गणित येत नाही म्हणून शाळेने घरी पाठवले होते, त्यांना!

आपल्याकडेही अशी परंपरा आहे, आणि ती बार्बियानाहून जुनी आहे. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा, महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिला कुणी विषयाचा तक्ता आणून दिला नव्हता. आपल्या भोवतीच्या माणसांचे जगणे हाच तिचा विषय होता. आजही शाळेत सावित्रीबाईंचे चित्र चिकटवले जाते. त्यांच्या शाळेतल्या मुलीने काय विचारले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केलेले काम याच जातीचे. १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तर शिंपले, बिया, पाने, खडे यांची साधने केली. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली काढलेले सृजन-आनंद विद्यालय, पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली उभा केलेला विज्ञान आश्रम, २००५ साली सेवाग्रामला पुन्हा उघडलेले आनंद निकेतन, ही सारी याच वाटेवरची गावे आहेत.

मात्र ही वाट सुरक्षित नाही, हेही सांगायला हवे. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १९७८ मध्ये तो साऱ्या जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत पोहोचला. मुले स्वतः प्रयोग करत, परीक्षेला पुस्तक उघडून बसत. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला. आमच्या जिल्ह्यातली मुले स्पर्धेत मागे पडतील, ही तक्रार त्यामागे होती. समाजाला बदल हवा असतो, पण आपल्या मुलाच्या गुणपत्रिकेवर नको असतो, असा याचा अर्थ घ्यायचा का?

गोधडीचा तुकडा

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी सातवीच्या वर्गात बसण्याचा योग आला. तिथल्या इतिहासाच्या बाईंनी मुलांना एकच काम सांगितले होते. घरातल्या जुन्या कपड्याचा वीतभर तुकडा आणायचा आणि त्या कपड्याची हकीगत घरच्यांना विचारून यायचे. सगळ्या तुकड्यांची मिळून वर्गाची गोधडी शिवायची. खर्च सुई-दोऱ्याचा.

तुकडे आले. पणजीच्या नऊवारीचा, आजीच्या पाचवारीचा. नऊवारीची पाचवारी कधी झाली आणि त्यावर घरात कोण काय बोलले, हे सांगताना वर्ग हसत होता. एकाच्या आजोबांचे जुने धोतर मुंबईच्या गिरणीतले होते. आजोबा १९८२ च्या संपानंतर गावी परतले ते परतलेच. एका मुलाने टेरिलिनच्या शर्टाचा तुकडा आणला, तो वडिलांच्या लग्नातला. हातमाग, गिरणी, यंत्रमाग, टेरिलिन अशी शंभर वर्षांची उलथापालथ त्या सतरंजीवर पसरली होती, आणि पाठ्यपुस्तकातला 'औद्योगिकीकरणाचे परिणाम' हा धडा पहिल्यांदाच कुणाच्या तरी आजोबांचा झाला होता.

एका मुलाने मात्र गोणपाटाचा तुकडा आणला होता. बाईंनी विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "आमच्यात जुनं कापड नसतं बाई. हाय ते अंगावरच हाय." वर्ग गप्प झाला. बाईंनी त्याला सहानुभूतीचे दोन शब्द ऐकवले नाहीत. त्यांनी विचारले, "हे पोतं कशाचं होतं?" मग कळले की ते खताचे. घरातले सगळे ऊसतोडीला जातात तेव्हा कोपीला आडोसा म्हणून अशी पोती शिवतात, आणि ती टाचायची कशी हे त्याला येते. जाड सुई कशी धरायची हे वर्गात फक्त त्यालाच माहीत होते. गोधडीची कड त्याने शिवली.

या प्रसंगाने मला प्रकल्पाची दोन्ही टोके दाखवली. नीट न हाताळल्यास तोच तुकडा त्या मुलाच्या गरिबीचे प्रदर्शन ठरला असता, आणि असे प्रकार शाळांतून होतात. 'आपल्या घराचे चित्र काढा', 'सुट्टीत कुठे गेलात ते लिहा' अशा साध्या विषयांनीही काही मुलांची मान खाली जाते. म्हणून पहिला नियम असा हवा की, कोणत्याही मुलाचे घर, जात, आजार किंवा दुःख हे इतरांच्या प्रकल्पाचा नमुना होता कामा नये. सांगायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. वस्तीवर जाऊन 'पाहणी' करणाऱ्या शाळांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावे.

घरातूनच सुरुवात

शिक्षकांची बाजूही समजून घ्यायला हवी. एका वर्गात साठ मुले, वर निवडणुका, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामे. साठ प्रकल्प तपासायचे तर 'छान' याहून अधिक काय लिहिणार? उपाय एवढाच की साठ वह्यांऐवजी वर्गाचे मिळून वर्षात एकच काम असावे, पण ते खरे असावे.

आणि घरी? इथे आपल्याला पळवाट नाही. एक अगदी बिनखर्चाचा प्रकल्प सुचवतो. मुलांनी एका कागदावर पणजी, आजी, आई आणि मोठी बहीण असे चार रकाने आखावेत. प्रत्येकीचे शिक्षण कितवीपर्यंत झाले, का थांबले, लग्न कितव्या वर्षी झाले, हे विचारून लिहावे. शेजारी कायदा लिहावा. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले, १९४९ मध्ये ते पंधरा झाले आणि १९७८ मध्ये अठरा. आता दोन्ही रकाने ताडून पाहावेत. कायदा घराच्या पुढे होता की घर कायद्याच्या पुढे? आजीची शाळा कुणी थांबवली? तिला काय व्हायचे होते? हा प्रश्न तिला आजवर घरात कुणी विचारला होता का?

कदाचित उत्तरे ऐकताना वडीलधाऱ्यांना अवघडल्यासारखे होईल. "तू अभ्यास कर, नसत्या चौकश्या नकोत," असे म्हणावेसे वाटेल. नेमक्या त्याच क्षणी प्रकल्प सुरू झालेला असतो. समाज बदलतो म्हणजे काय, तर कुणीतरी घरातल्या घरात 'हे असेच का?' असे विचारले आणि कुणीतरी ते ऐकून घेतले, हे मुलाला त्या क्षणी कळते. सुधारकांची चरित्रे त्यानंतर वाचायला द्यावीत. मग ती चार ओळींची राहत नाहीत, कारण त्या माणसांनी कोणत्या प्रश्नांना तोंड दिले हे मुलाला आता ठाऊक असते.

तेव्हा पुढच्या रविवारी रात्री "आई, उद्या प्रकल्प द्यायचाय" अशी हाक आली तर स्कूटर काढू नये. कोरा कागद आणि पेन्सिल द्यावी आणि आजीच्या खोलीकडे बोट दाखवावे. अक्षर वाकडे येईल, कडेला वेलबुट्टी नसेल, दोन गुण कमीही पडतील. पण तो कागद एप्रिलच्या रद्दीत जाणार नाही. घरातल्याच कुणाला तरी तो जपून ठेवावासा वाटेल.